बाबांच्या लॅपटॉपवर लोकल अकाउंट की मायक्रोसॉफ्ट अकाउंट?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि हा प्रश्न आमच्या घरात आला. बाबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या गावी राहतात. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून उत्सवी नाटकांच्या संहिता टाइप करायच्या, प्रत्येक पात्राच्या संवादांच्या नकला वेगळ्या काढायच्या, जुन्या भजनांच्या वह्या उतरवून ठेवायच्या, हेच त्यांचं काम. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ला चालत नव्हता. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, पण त्यासाठीही मायक्रोसॉफ्ट अकाउंट, म्हणजे कंपनीकडे ईमेलने उघडलेलं ऑनलाइन खातं, जोडावं लागतं. बाबांचं तसं अकाउंट कधी नव्हतंच. त्या मशीनपुरतं नाव आणि पासवर्ड, म्हणजे लोकल अकाउंट, एवढ्यावर इतकी वर्षं चाललं होतं. शेवटी आम्ही नवा लॅपटॉप घेतला.

विंडोज ११ होम पहिल्यांदा चालू करताना इंटरनेटही मागतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटही. दुकानातल्या मुलाने लगेच उपाय सांगितला: शिफ्ट आणि एफ१० दाबा, एक कमांड द्या, अकाउंटशिवाय पुढे जा. मी तो घेतला नाही. अशा पळवाटा कंपनीने २०२५मध्ये चाचणी आवृत्त्यांतून काढायला सुरुवात केली आहे. शिवाय सरळ रस्ता उघडाच आहे. एकदा अकाउंटने सुरुवात करून मग सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो इथे जाऊन लोकल अकाउंटवर येता येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय कायमचा नसतो. हे कळल्यावर मला घाई वाटेनाशी झाली.

बाबांचं म्हणणं साधं होतं. “माझं लिहिलेलं तिकडे कशाला जायला हवं गो?” ते मला पटत होतं. नाटकमंडळींनी विश्वासाने दिलेल्या संहिता असतात त्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेलं की वनड्राइव्ह, म्हणजे कंपनीची ऑनलाइन साठवण, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर स्वतःकडे घ्यायला बघतं. फुकट जागा ५ जीबी. बाबांनी स्कॅन केलेल्या वह्यांनीच ती भरून गेली असती.

गावात मात्र भलतीच भीती होती. पावसात लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की नेट नाही, आणि नेट नाही तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटवाला कंप्युटर उघडणारच नाही, असं शेजारच्यांनी बाबांना सांगितलं होतं. तसं होत नाही. लॅपटॉप उघडायचा पिन त्याच मशीनमध्ये, तिथल्या सुरक्षा चिपच्या आधाराने राहतो. नेट नसलं तरी चालतो. नेट लागतं ते पिन विसरल्यावर. तेव्हा ओळख पटवायला कोड येतो, मोबाइलवर किंवा ईमेलवर. आमच्या वाड्यावर मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात मिळते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पावसात छत्री धरून तिथे कोडाची वाट बघायची, हे मला नको होतं.

लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरला तर आधी दिलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं देऊन तो तिथल्या तिथे बदलता येतो. किंवा त्याच मशीनवरचं दुसरं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, तो बदलून देतं. दोन्हीही नसेल, तर मदतीला कोणी नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो डिस्कच्या कुलपाचा. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. लॅपटॉप चोरीला गेला आणि कोणी डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी आतलं वाचता येत नाही. पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केल्यावरच हे कुलूप आपोआप पुरतं लागतं, कारण तेव्हा ते उघडायची ४८ अंकी किल्ली, रिकव्हरी की, त्या अकाउंटमध्ये जमा होते. पहिल्यापासून नुसतं लोकल अकाउंट ठेवलं तर ते संरक्षण अर्धवट राहतं. उलट बाजूही आहे. सुरुवातीला कोणाच्या तरी ईमेलने अकाउंट जोडलं, मग लोकलवर आलो आणि तो ईमेल विसरलो, तरी कुलूप लागलेलंच राहतं. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट झालं, तर स्क्रीन ते ४८ अंक मागू शकते. अंक नसतील तर फाइली गेल्या. दुकानात घाईघाईने कोणाचंही अकाउंट घालून लॅपटॉप चालू करून देतात, त्याची मला म्हणूनच धास्ती वाटते. आपलं अकाउंट आपणच घालावं, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

म्हणून मी दोन्ही अकाउंटं ठेवली. लॅपटॉप माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मी. (युझर्स फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरंच नाव म्हणून मिळतात. ते विचित्र दिसतं, पण अडत काही नाही.) वनड्राइव्हमधला फोल्डर बॅकअप बंद केला. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असल्याचं सेटिंग्जमध्ये बघितलं, रिकव्हरी की माझ्या अकाउंटमध्ये दिसते याची खात्री केली आणि ती छापून आईच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवली. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युझर्स, अ‍ॅड अकाउंट. तिथे ईमेल मागतात. ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची ओळ निवडली आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युझर जोडायचा पर्याय घेतला. बाबांचं लोकल अकाउंट तयार झालं. नवा युझर आपोआप स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचा, असतो. चुकून एखादं सॉफ्टवेअर बसायला लागलं तर माझा पिन मागतं, हेही बरंच झालं.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरं बाबांनी स्वतःच ठरवली. स्टोअरमधून काही घ्यायचं झालं आणि तिथे साइन-इन मागितलं, तर फक्त त्या अ‍ॅपपुरतं साइन-इन करायची ओळ असते. ती मी त्यांना दाखवली. नुसतं पुढे पुढे दाबत गेलं की लोकल अकाउंटचं नकळत मायक्रोसॉफ्ट अकाउंट होऊन बसतं.

लोकल अकाउंट घेतल्यावर दुसरी प्रत कुठेच आपोआप जात नाही, ती जबाबदारी आपल्यावर येते. आम्ही एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. मी पणजीहून घरी गेले की बाबांचा संहितांचा फोल्डर तिच्यावर उतरवते. त्या डिस्कलाही पासवर्ड लावलाय, तो बाबांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. डिस्क गावी ठेवत नाही, पणजीला घेऊन येते. पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यालाच ओल लागते, आणि लॅपटॉपचं काही झालं तर प्रतही त्याच कपाटात नको.