मराठीच्या तासालाच तहान का लागते?

गणिताच्या तासाला जागेवर बसणारा मुलगा मराठीचं पुस्तक उघडलं की पेन्सिलला टोक करायला उठतो, पाणी मागतो, शेजारच्याची वही ओढतो. ‘लक्ष नाही’ असा शेरा मारण्याआधी आठवडाभर चार रकाने भरा: वेळ, काम काय चाललं होतं, त्याने काय केलं, पुढे काय झालं. चौथा रकाना सगळ्यात बोलका. तिथे ‘वर्गाबाहेर उभं केलं’ असं वारंवार दिसलं, तर शिक्षा त्याच्या पथ्यावरच पडतेय. वाचन टळलं ना! उद्या तो पुन्हा तेच करणार.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती ओळीने एकेकाला उठवून वाचायला लावायची पद्धत. अडखळणारं मूल त्या वेळी धडा ऐकतच नाही; आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते मोजत बसतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी त्याला दोन ओळी नेमून द्या, त्या आपल्यासमोर दोनदा वाचून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढ्याच विचारा.

मजकूरच झेपत नसेल तर बाकीच्या युक्त्या फुकट. 20 शब्दांत दोनपेक्षा जास्त ठिकाणी अडकला, तर सोपा मजकूर घ्या. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्दांचं लक्ष्य आहे, पण वेलांटीवर अडणाऱ्या मुलामागे घड्याळ लावून काय साधणार? तो नेमका कुठे अडतो ते बघा. जोडाक्षरांत बऱ्याचदा ‘र’ छळतो: सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. एका अक्षराची चार रूपं! एका दिवशी एकच रूप घ्या, फळ्यावर पाच-सहा शब्द, बस्स.

ओळ हरवत असेल तर पुठ्ठ्याच्या पट्टीला खिडकी कापून द्या. ती अरुंद झाली तर वरचा रफार किंवा खालचा उकार झाकला जातो आणि ‘कुल’चं ‘कल’ होतं. म्हणून आधी पुस्तकावर ठेवून माप घ्या, मग कापा.

शब्दावर अडला की तीन ते पाच सेकंद थांबा. इतरांनी उत्तर ओरडायचं नाही, हे आधीच ठरलेलं हवं. तरी आला नाही तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्या. नुसतं ‘शाब्बास’ नको. ‘“मित्र” हा शब्द अक्षरं सोडवून वाचलास’ असं नेमकं सांगा.

दहा मिनिटं वाचलं की दोन मिनिटं उठवा: फळ्यावरचा सांगितलेला शब्द शोधून त्याला हात लावून यायचं. सूचना एका वेळी एकच. जागा पुढे, दारापासून लांब.

पुस्तकातलं वाचतो, पण फळ्यावरचं उतरवताना चुकतो किंवा डोळे बारीक करतो, तर आधी डोळे तपासायला सांगा. कान वाहत असेल, हाक दोनदा मारावी लागत असेल, तर कानही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईपर्यंत थांबू नका. पालकांना त्याच आठवड्यात बोलावून घ्या.