आवडता सुपरहिरो कोण, असं तुम्ही विचारलंत म्हणून: दगड खाणारा पोऱ्या

अमळनेरजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. जूनमध्ये नवा वर्ग आला की कुणीतरी विचारतंच, "सर, तुमचा आवडता सुपरहिरो कोण?" मी सांगतो, मॅटर-ईटर लॅड. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून अहिराणीत, "हाऊ कोन शे, सर?"

हा पोऱ्या काहीही खातो. दगड, लोखंड, पोलादी दार, सगळं कडाकडा चावून. बस, एवढीच शक्ती. १९६२ साली जेरी सीगल आणि जॉन फोर्ट यांनी त्याला जन्म दिला. सीगल म्हणजे सुपरमॅनच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. त्याच्या गोष्टीत तिसाव्या शतकातली सुपरहिरोंची फौज आहे. त्यात एक जण विजा सोडतो, एक जणी मन ओळखते आणि हा जेवतो.

त्याचं एकच कॉमिक माझ्याकडे होतं. वडील भुसावळला रेल्वेत होते. डब्यात कुणीतरी विसरलेलं ते त्यांनी घरी आणलं. सुट्टीत मी ते गावी नेलं आणि शेवटची चार पानं आजीच्या शेळीनं खाल्ली. तेव्हा रडलो होतो.

त्याच्या ग्रहावर जंतूंमुळे अन्न खाण्याजोगं राहिलं नाही, म्हणून तिथली माणसं मिळेल ते पचवायला शिकली. हे वाचलं तेव्हा मला आजीच दिसली. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. घरी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर जाईपर्यंत तुकडे. म्हणून आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं. पुढे थंडीत शेतावर भरताची वांगी भाजली की आम्ही नातवंडं सालीचे जळके कण वेचून टाकायचो. ती तेच उचलून तोंडात टाकायची. "आमले मिलो पची गयी, हाई काय शे!"

लेखकांनी पुढे त्या पोऱ्याला सक्तीनं त्याच्या ग्रहाच्या राजकारणात धाडलं. त्यावर मी वर्गात बोलत नाही, आम्हाला निवडणुकीची ड्यूटी असते. एकदा मात्र सगळ्यांच्या जिवावर उठलेलं एक यंत्र त्यानं खाऊन टाकलं. बाकीचे वाचले, त्याला वेड लागलं. हे ऐकताना पोरं हसत नाहीत.

परवा पाचवीतल्या एका मुलीनं त्याचं चित्र काढलं. ताटात मोठा दगड, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा.

"ठेचा कशाला गं?"

"सर, नुसता दगड कसा जाईल घशाखाली?"