तुम्ही विचारलंत म्हणून: शार्कची भीती वाटत नाही का?

मी गोव्यात स्कूबा शिकवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "शार्कच्या मधे उतरता म्हणे, भीती नाही वाटत?" परवा एका विद्यार्थ्याच्या आईने हेच विचारलं. त्याला पुढे शार्क बघायला जायचंय. होडी सुटायची घाई होती, त्या माउलीला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

भीती वाटते, पण ती पाण्याची. शार्कचा नंबर त्यानंतर बऱ्याच खाली लागतो.

शार्क बघायचे म्हणून गोव्याच्या ग्रांद बेटापाशी उतरू नका. आपल्याकडे नद्यांचा गाळ येतो, बहुतेक दिवस चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. मी त्यासाठी फिलिपिन्सला जाते. सेबूच्या उत्तर टोकाजवळ मालापास्कुआ नावाचं छोटं बेट आहे. तिथून होडीने मोनाद शोल आणि किमुद शोल गाठता येतात. हे समुद्रात बुडालेले डोंगर. माथा सपाट, पाण्याखाली साधारण पंधरा-वीस मीटरवर, आणि कडेला उतार थेट काळोखात जातो. मोकळ्या समुद्रातला प्रवाह अशा डोंगरावर आपटला की खालचं थंड पाणी वर चढतं, त्याबरोबर खाद्य येतं, आणि खाद्यामागे मासे.

थ्रेशर शार्क मात्र तिथे येतो तो आंघोळीला म्हणावं असा. पहाटे खोलातून वर येतो, माथ्यावर ठरलेल्या जागी वेग कमी करून गोल फिरत राहतो आणि बोटभर लांबीचे निळे मासे त्याच्या कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतात. अंगाच्या निम्मी लांबी शेपटीचीच. त्या शेपटीचा फटका मारून तो सार्डिन बधिर करतो, हे २०१३ मध्ये सेबूजवळच्याच चित्रीकरणातून शास्त्रशुद्ध नोंदलं गेलं. डोळा काळा, वाटोळा, अंधाराला सरावलेला. म्हणून तिथे फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवतात. तुम्ही गुडघे टेकून गप्प राहिलात तर तो तीन-चार मीटरवरून जातो. एकाने जरी पाय जोरात मारले तरी गेलाच.

आता पाणी. तिथे जायचं ठरवताना मी आधी पंचांग उघडते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, कमी. चंद्र तिथेही तोच. तरी डोंगराच्या माथ्यावर पाणी अर्ध्या डाइव्हमध्ये बदलू शकतं. एकदा आम्ही कडेला थांबलो होतो, समोर एक थ्रेशर फेरी घेत होता. आधी पाणी एकदम गार झालं, हवा तापल्यावर रस्ता हलतो तसं समोरचं सगळं थरथरायला लागलं. गार पाण्याचा थर वर सरकत होता. मग माझे बुडबुडे आडवे जाऊ लागले, आणि शेजारच्या मुलीचे चक्क खाली. खाली जाणारे बुडबुडे म्हणजे कड्यावरून पाणी खोलात ओढतंय. अशा वेळी भिंतीला धरून वर पोहायला गेलं की दम आणि हवा दोन्ही संपतात. आडवं, भिंतीपासून दूर, मोकळ्या पाण्यात निघायचं. ओढ तिथे सुटते. मी अंगठा वर केला, निघायची खूण केली. शार्क अजून समोरच होता. कुणालाच जायचं नव्हतं. सगळे निघाले.

तीस मीटरवर दाब चौपट असतो. वर तासभर पुरणारी हवा तिथे पंधरा मिनिटांत संपते, आणि घाबरून धापा टाकल्या तर त्याहून लवकर. शार्कने माणसाला विनाकारण चावल्याच्या घटना २०२४ मध्ये जगभरात ४७ नोंदल्या गेल्या. समुद्रात उतरणारी माणसं किती असतात ते बघा, मग हा आकडा बघा.

उलट बाजूचं, म्हणजे माणसापासून शार्कला किती धोका, हे कुणी विचारत नाही, आणि मला तेच जास्त लागतं. गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर हातभर लांबीच्या मोऱ्या, म्हणजे छोटे शार्क, टोपलीत पडलेल्या असतात, पुष्कळशी पिल्लंच. त्यांचं आंबट-तीख कालवण मीही आवडीने खायचे. आता मोरीचं खात नाही. थ्रेशरची मादी एका वेळेला दोन पिल्लं देते, फक्त दोन. तो आज जगभरात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. भारताने शार्कच्या परांची निर्यात २०१५ मध्ये बंद केली, ते चांगलंच झालं. पण बांगड्यांच्या जाळ्यात पिल्लू सापडलं तर ते परत पाण्यात जात नाही. रापणकार मच्छीमाराला दोष देऊन काय होणार, त्याचं घर त्यावर चालतं. विकत घेणारे आपण आहोत.

तर काकू, मुलाला पाठवा. आधी ऑक्टोबर ते मे या मोसमात इथेच ग्रांदला भरपूर डाइव्ह करू दे. गढूळ पाण्यात शिकलेला पोरगा कुठेही टिकतो. मग तीस मीटरपर्यंतचा अॅडव्हान्स्ड कोर्स. आणि वर-खाली काहीच दिसत नसताना, धरायला दोरी नसताना, पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहून सिग्नलचा फुगा वर सोडता आला पाहिजे. ते जमलं की मी त्याला स्वतः घेऊन जाईन. तिथला होडीवाला "आज नको" म्हणाला, तर त्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर बसून राहू.