घरी बनवलेलं पिनबॉल आणि स्पर्धेची गुणपत्रिका

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३१ वर्षं काढली. आधी स्ट्राउजर, मग क्रॉसबार ही यांत्रिक एक्स्चेंजं, मग सगळं इलेक्ट्रॉनिक. निवृत्तीनंतर एकदा चोर बाजारात हिंडताना एका दुकानाच्या दारात जुनं, मोडकं पिनबॉल मशीन दिसलं, म्हणजे उतरत्या पाटावर चेंडू मारून गुण मिळवायचा खेळ. मागची पेटी उघडी होती आणि आत रिलेंची, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांची रांग, शेजारी टप्प्याटप्प्याने सरकणारे स्टेपर. मी तिथेच उभा राहिलो. गुण मोजायला वापरलेली ही सगळी यंत्रणा मी तरुणपणी एक्स्चेंजमध्ये रोज हाताने साफ केली होती. दुकानदार ७० हजारांच्या खाली येईना आणि मशीन तर बंद. घरी येताना ट्रेनमध्येच ठरलं, आपण नवं बनवायचं.

आमच्या लहानपणी घराघरात बॅगाटेल असायचं. लाकडी पाट, खिळे, गोट्या आणि ढकलायला काठी. पिनबॉलचं मूळ तेच. १८७१ मध्ये मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत त्याला स्प्रिंगचा दांडा लावून पेटंट घेतलं. पण चेंडू एकदा सोडला की पुढे सगळं नशिबावर. १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनवर हॅरी मॅब्ज यांनी विजेवर चालणारे सहा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की फटका मारणारे छोटे हात बसवले, आणि पडणारा चेंडू परत वर मारणं खेळणाऱ्याच्या हातात आलं. मला बनवायचं होतं ते हे.

सामान मुंबईत मिळतं, फक्त पायपीट हवी. २७ मिलिमीटरची, साधारण ८० ग्रॅमची पोलादी गोळी नागदेवीला बेअरिंगवाल्याकडे मिळाली. ट्रान्सफॉर्मर आणि मायक्रोस्विच लॅमिंग्टन रोडवर. फ्लिपर हलवणाऱ्या तारेच्या कॉइल लालबागच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याने गुंडाळून दिल्या. पाट अर्ध्या इंचाच्या प्लायचा, उतार साडेसहा अंशांचा. याहून कमी ठेवला तर चेंडू रेंगाळतो, वाढवला तर हात पोचेपर्यंत निसटतो.

खरा वेळ गेला तो पाटाच्या आखणीत. पहिल्या आखणीत मी जागा दिसेल तिथे काहीतरी ठोकलं होतं आणि चेंडू नुसता आदळत राहायचा. मग फ्लिपरपासून उलटा विचार सुरू केला. चेंडू फ्लिपरच्या मुळाशी असताना बटण दाबलं तर तो त्याच बाजूला वर जातो, टोकाशी असताना दाबलं तर पलीकडे. चेंडूला निळीचं पाणी लावून मी शॉट मारत बसायचो. प्रत्येक शॉटची पाटावर निळी रेघ उमटायची. दीडएकशे रेघा झाल्यावर पंख्यासारखा आकार दिसला, आणि त्यात तीन ठिकाणी रेघा दाट झालेल्या. रॅम्प, वळणवाट आणि मधलं लक्ष्य मी त्या तीन जागी बसवलं. त्या दिवशी मला आखणी म्हणजे काय ते कळलं.

एका रात्री फ्लिपरची कॉइल जळली. या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची कमी वेढ्यांची गुंडाळी झटका देते, बारीक तारेची जास्त वेढ्यांची नुसती धरून ठेवते. फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटचा स्विच उघडतो आणि झटक्याचा जोर कमी होतो. माझ्या स्विचची पाती वाकली होती, तो उघडलाच नाही. लाखेचा वास घरभर पसरला. ही उठून आली आणि म्हणाली, “अहो, आधी मेन बंद करा.” केलं. दुसऱ्या दिवशी पाती सरळ केली, फ्यूज घातला, तेव्हापासून एकही कॉइल गेली नाही. मशीन हलवून फसवू नये म्हणून टिल्ट लावला. गवंड्याचा ओळंबा एका पितळी कड्यात टांगला, धक्का बसला की तो कड्याला लागतो आणि खेळ थांबतो.

१४ महिने लागले. वहीत प्रत्येक खर्च लिहिला होता, बेरीज ४१,६५० रुपये.

मग एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनात ‘उत्कृष्ट पिनबॉल’ पारितोषिकासाठी नाव दिलं. अर्ज घेणाऱ्याने आधी विचारलं, “काका, हा जुगार तर नाही ना?” प्रश्न रास्त होता. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये याच शंकेने पिनबॉलवर बंदी घातली होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या समितीसमोर मशीनवर खेळून दाखवताना चेंडू कुठे जाणार ते आधी सांगितलं आणि तिथे घातला. त्यानंतर बंदी उठली. हे सांगितल्यावर अर्ज घेतला गेला.

स्पर्धेत ११ मशीन होती, सगळी एकाच वर्गात. त्यांत घरी बनवलेली होती, दुरुस्त केलेली होती आणि परदेशातून आणून नवे दिवे, नवा पडदा (स्क्रीन) लावलेलंही एक होतं. पारितोषिक त्याला मिळालं. त्या मालकाने मनापासून काम केलं होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या मशीनवर एका परीक्षकाने एकच चेंडू खेळला. तो २० सेकंदांत कडेच्या वाटेने बाद झाला. बाकी दोघांनी बटणालाही हात लावला नाही. गुणपत्रिका मागितली तेव्हा कळलं, १०० पैकी ‘खेळाची रचना’ला २० गुण, आणि ‘देखणेपणा व तंत्रज्ञान’ला ६०. तीन परीक्षकांपैकी एक जण विजेत्या मशीनला पडदा पुरवणारे होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला मोकळेपणाने सांगितली. त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण विचारलं असतं तर ते बाजूला झाले असते असं मला आजही वाटतं.

निकाल बदला असं मी म्हटलं नाही. पत्रात तीनच मागण्या लिहिल्या. प्रत्येक मशीनवर खर्चाची पाटी असावी आणि खर्चाप्रमाणे वर्ग करावेत. प्रत्येक परीक्षकाने निदान तीन पूर्ण डाव खेळावेत. ज्याचा मशीनशी पैशाचा किंवा कामाचा संबंध आहे त्याने त्या मशीनला गुण देऊ नयेत.

सचिव म्हणाले, “काका, पुढच्या वर्षी बघू.” मी चार वेळा गेलो. चौथ्यांदा कार्यकारिणीसमोर दहा मिनिटं मिळाली. मी पिनबॉल बनवणाऱ्या स्टर्न कंपनीचं उदाहरण दिलं. ती एकच खेळ प्रो, प्रीमियम आणि लिमिटेड एडिशन अशा तीन प्रकारांत विकते. २०२३ च्या सुमारास प्रो साधारण ७,००० डॉलरला होतं, तर लिमिटेड १३,००० च्या आसपास. महागड्या प्रकारांत जास्तीची हलती यंत्रं असतात, त्यामुळे खेळही थोडा बदलतो. मग एकाने प्रो खेळून मत दिलं आणि दुसऱ्याने लिमिटेड खेळून, तर दोघांनी एकाच मशीनला मत दिलं असं कसं म्हणायचं? किंमत लपवली की पैशाने आलेलं आणि डोक्याने आलेलं एकाच रकान्यात पडतं. एक सभासद म्हणाले, खर्च खरा सांगितला हे तपासणार कोण? मी माझी वही टेबलावर ठेवली, बिलांसकट.

दोन मागण्या मान्य झाल्या. खर्चाच्या वर्गांची झाली नाही. पाटी ‘ऐच्छिक’ ठेवली. रचनेचे गुण मात्र २० वरून ५० केले, जे मी मागितलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनी मलाच परीक्षक केलं. नऊ मशीन होती, प्रत्येकावर तीन डाव, म्हणजे दिवसभर उभं राहणं. सातवं मशीन डोंबिवलीच्या एका मुलाचं होतं. त्याच्या फ्लिपरच्या कॉइलच्या वेढ्यांचा हिशेब फोनवर मीच करून दिला होता. मी सचिवांना तसं सांगितलं, माझ्या पत्रिकेत त्या रकान्यात ‘संबंध आहे, गुण देत नाही’ असं लिहून सही केली आणि हॉलबाहेर जाऊन बसलो. आतून त्याच्या फ्लिपरचा आवाज येत होता. स्विच वेळेवर उघडत होता.