ओल्या अयाळीचा घोडा

स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कजवळ मोटारवेवरूनच घोड्यांची दोन प्रचंड डोकी दिसतात. ३० मीटर उंच, एकेक ३०० टनांचं. शिल्पकार अँडी स्कॉट यांनी ती २०१३मध्ये कालव्याच्या काठी उभी केली. पूर्वी इथल्या कालव्यांतल्या मालाच्या होड्या काठाने चालणारे दणकट घोडे ओढायचे, त्यांची ही आठवण. नाव मात्र ‘केल्पीज’! केल्पी म्हणजे वाहत्या पाण्यातलं, माणसं बुडवणारं घोड्याच्या रूपातलं भूत. लोक त्याच्यासमोर आइस्क्रीम खात सेल्फी काढतात. आपल्याकडे पिंपळावरच्या मुंज्याचा पुतळा उभारून शेजारी भेळेची गाडी लावावी, तसं वाटलं मला.

केल्पी परवडला, असा त्याचा एक भाऊबंद स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, हायलंड्सच्या तळ्यांत राहतो. तिथल्या गेलिक भाषेत त्याला ‘एख उश्क्या’ म्हणतात, पाण्याचा घोडा. यातला ‘एख’ आणि आपला ‘अश्व’ एकाच मुळातून आले आहेत आणि ‘उश्क्या’तूनच व्हिस्की निघाली. (भूत आणि बाटली एकाच पाण्यातली!)

तिकडच्या अ‍ॅबरफेल्डी गावाकडची गोष्ट अशी. रविवारची दुपार. सात मुली तळ्याकाठी फिरायला गेल्या. तिथे एक गोंडस तट्टू चरत होतं. एक मुलगी पाठीवर बसली, मग दुसरी, तिसरी. प्रत्येकीला जागा होत गेली, कारण तट्टाची पाठ लांबत होती. बरोबरच्या मुलाच्या हे लक्षात आलं आणि तो खडकांआड लपला. मुलींना उतरता येईना, हात पाठीला चिकटलेले. घोडा त्यांच्यासकट तळ्यात शिरला. सकाळी काठाला सात काळजं लागली. तेवढंच तो खात नाही.

मला ती लांबत जाणारी पाठ जास्त छळते. काळजाचं काय, ते सगळं झाल्यावरचं.

लहानपणी आजी विहिरीकडे जाऊ द्यायची नाही, “आसरा ओढून नेतील” म्हणायची. पण आसरांना निदान खणानारळाने ओटी भरून शांत करता येतं. या घोड्याशी तसली काही बोलणीच नाहीत. ओळखायची एक खूण म्हणे अशी: अयाळ कायम ओली, पाणी ठिबकणारी.

गेल्या महिन्यात एका तळ्याकाठी एकटंच तट्टू दिसलं. लेक धावत निघाली, मी तिचा दंड धरला. तट्टाची अयाळ ठिबकत होती. अर्थात सकाळपासून पाऊस होता, आमचे रेनकोटही ठिबकतच होते.

तरी आम्ही कुंपणाच्या अलीकडूनच त्याला टाटा केला.