पाणी कोणत्या पुराचे?

सांगलीत मोटार सर्वेक्षकाचे, म्हणजे विम्याच्या दाव्यासाठी नुकसान झालेल्या गाड्या तपासण्याचे, काम करणाऱ्याला पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला वेगळे शिकावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरले, आणि दोन्ही वेळी गावभाग व खणभागातून टोचन करून आणलेल्या गाड्यांच्या रांगा आम्ही तपासल्या. त्यामुळे पलूसजवळच्या एका शाळेतील शिक्षिका आपली गाडी घेऊन आल्या आणि मी चालकाच्या बाजूचे दार उघडले, तेव्हा सुगंधी फवाऱ्याखाली दबलेला ओल्या नमद्याचा, म्हणजे गालिच्याखालच्या जाड अस्तराचा, वास माझ्या तत्काळ लक्षात आला. मात्र खरी अडचण त्यानंतर सुरू झाली आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

बाईंनी २०१७ ची पेट्रोल गाडी जानेवारीत दुसऱ्या शहरातील एका डीलरकडून ४ लाख २० हजारांना घेतली होती, तीही केवळ छायाचित्रे आणि मोबाइलवर आलेला चित्रफितीचा तुकडा पाहून. जाहिरातीत ‘अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. गाडी ट्रेलरवरून आली, चालकाने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली, आणि त्या कागदात ‘गाडी जशी आहे तशी पाहून व पसंत करून घेतली’ अशी छापील ओळ होती. जूनमध्ये हवेत दमटपणा येताच पॉवर विंडो बंद पडू लागल्या, स्टिअरिंग मध्येच जड होऊ लागले, आणि डीलरला फोन केल्यावर उत्तर मिळाले की सांगली जिल्ह्यात दरवर्षीच पूर येतो, गाडीत पाणी तिकडेच शिरले असेल. बाईंनी मला एवढेच विचारले, “साहेब, आमचं गाव पूरपट्ट्यातलं आहे हा आमचा गुन्हा झाला का?”

बाईंचे घर नदीपासून दूर, उंचावर होते. पण सर्वेक्षकाच्या अहवालात अशा सांगण्याला किंमत नसते, गाडीनेच साक्ष द्यावी लागते. गालिचा नवा होता. तो आणि त्याखालचा नमदा उचलला तेव्हा पत्र्याच्या खोबणीत वाळून घट्ट झालेला गाळ मिळाला आणि त्याच्या अर्ध्या भागावर काळ्या रंगाचा ताजा फवारा मारलेला होता. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजाने फुगले होते, तर मधल्या कन्सोलखाली असलेल्या एअरबॅगच्या नियंत्रकाच्या जोडणीत पिना ओलाव्याने गंजून हिरव्या पडल्या होत्या. एअरबॅगचा इशारादिवा डॅशबोर्डवर पेटत नव्हता. मीटर उघडल्यावर दिसले की तो मुद्दाम निकामी केलेला आहे. खिडक्या आणि स्टिअरिंगचा त्रास पैशाने भरून निघेल, पण आघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल या भरवशावर बाई रोज मुलांना शाळेत सोडत होत्या, आणि हे करणाऱ्या माणसाला मी फसवणुकीपेक्षा मोठ्या अपराधाचा धनी समजतो.

सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढून पाहतो, कारण स्वच्छता करणारे फक्त दिसणारा भाग धुतात. डाव्या पट्ट्यावर तळाकडच्या भागात पाण्याची सरळ रेघ उमटलेली होती, आणि उजवा पट्टा मुळातला नव्हताच, कारण त्याच्या चिठ्ठीवर उत्पादनाचे वर्ष २०२१ होते. डीलरने दिलेल्या जुन्या विम्याच्या प्रतीत नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य होता. मालक तोच आणि विमा अखंड असताना गाडी पाच वर्षे दाव्याविना चालली असती, तर हा बोनस ५० टक्क्यांवर गेला असता. म्हणजे आधीच्या मुदतीत मोठा दावा झाला असण्याचा हा ठळक संकेत होता. शेवटी स्कॅनर लावला. एअरबॅगच्या नियंत्रकातील बिघाडाची पहिली नोंद ४१ हजार किलोमीटरच्या आसपासची निघाली आणि ट्रेलरवाल्याच्या पावतीवर गाडी उतरवतानाचे वाचन ४३ हजारांच्या पुढे होते. बिघाड गाडी पलूसला पोचण्याआधीचा होता, हे गाडीनेच सांगितले.

हे सारे हाती असूनही मला संताप येतो तो आमच्याच विमा व्यवसायातील एका पद्धतीचा. दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या किमतीच्या पाऊणपटीपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरते, आणि मग अनेकदा आरसीसह (नोंदणी प्रमाणपत्रासह) मोडीत लिलावाला जाते. ती घेणारा तिला धुऊन, रंगवून दूरच्या शहरात उभी करतो, आणि आरसीवर बुडाल्याची एक अक्षरभर नोंद नसते. आमच्या अहवालांत सर्व लिहिलेले असते, पण पुढच्या खरेदीदाराला ते पाहण्याची सोय नाही.

कायद्याने बाई अगदीच उघड्यावर नाहीत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, आणि न पाहता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरले जात नाही, असे १९३० चा मालविक्री कायदा सांगतो. मात्र वाजवी काळ उलटूनही न नाकारता ठेवून घेतला तर तो स्वीकारलाच, असेही तोच कायदा सांगतो. सहा महिने गाडी वापरल्यामुळे ती परत करून पूर्ण पैसे मागणे कठीण झाले आहे, नुकसानभरपाईचा मार्ग मात्र मोकळा आहे. ‘जशी आहे तशी’ या सहीने गर्भित हमी, म्हणजे न लिहिताही कायद्याने धरली जाणारी हमी, टाळता येते, परंतु जाहिरातीत उघडपणे केलेले खोटे विधान तिच्याआड लपू शकत नाही, असे वकिलांचे आणि माझेही मत आहे. विक्रेता धंदेवाईक असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बाईंना राहत्या जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता आली. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागले नाही. हीच गाडी एखाद्या खासगी मालकाकडून घेतली असती, तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागली असती.

आमच्याकडील लोक हळदीचे पोतेसुद्धा टोचून, नमुना काढून, वास घेऊन घेतात, आणि चार लाखांची गाडी उतरवून घेताना वाहनचालकाला उशीर होतोय म्हणून सही करून मोकळे होतात. गाडी उतरल्याच्या दिवशीच मेकॅनिकने गालिचा उचलला असता आणि ‘न तपासता ताब्यात घेतली’ एवढे सहीशेजारी लिहिले असते, तर आज परतफेड मागता आली असती. त्याहून वाईट म्हणजे माझ्याकडे येण्याआधी एका वायरमनने, चांगल्या हेतूने का होईना, निम्म्या जोडण्या रसायनाने धुऊन ठेवल्या होत्या. तेवढा पुरावा कायमचा गेला.

माझा अहवाल शपथपत्रासह ग्राहक आयोगापुढे गेला आहे. डीलरच्या वकिलांनी मला लेखी प्रश्नावली पाठवली असून पहिलाच प्रश्न असा आहे की गाडीतील गाळ कोणत्या नदीचा आणि कोणत्या पुराचा, हे सर्वेक्षक सांगू शकतात काय. रंग आणि कण पाहून तर्क करण्याचा मोह मला झाला होता, पण गाळावरून नदी ठरवण्याचे शास्त्र माझे नाही, म्हणून मी उत्तर ‘नाही’ असेच लिहिले. त्याखाली नियंत्रकातील नोंदीचे किलोमीटर, पावतीवरील किलोमीटर आणि गाडी उतरवल्याची तारीख पुन्हा लिहिली. पाणी कोणत्या पुराचे हा वादाचा मुद्दाच नाही, ते विक्रीआधीचे आहे एवढे सिद्ध करणे पुरेसे आहे, असे त्या उत्तरात लिहावे की तो युक्तिवाद बाईंच्या वकिलांवर सोडावा, हे अजून ठरलेले नाही.