आलेखातला रविवार

ज्याच्या नावावर एखादे संकेतस्थळ आहे आणि त्यावर जाहिराती लावलेल्या आहेत, त्याला शनिवार उजाडल्याचे कॅलेंडर न पाहताही कळते. उत्पन्नाच्या अहवालातली रेघ शुक्रवारी दुपारनंतरच कलू लागते, शनिवारी घसरते, रविवारी तळाशी रेंगाळते आणि सोमवारी काहीच झाले नाही अशा थाटात पुन्हा वर येते. तीन महिन्यांचा आलेख एकदम उघडला, तर करवतीला असावेत तसे तेरा दाते त्यात स्वच्छ मोजता येतात.

नव्याने या उद्योगात पडलेल्या माणसाला मात्र ही करवत दिसत नाही, कारण तो तीन महिन्यांचा आलेख उघडतच नाही; तो आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवतो आणि हवालदिल होतो. लेख फसला असावा, शोधयंत्राची मर्जी फिरली असावी, संकेतस्थळ संथ झाले असावे, अशा नाना शंका त्याला घेरतात. मग शनिवारी रात्री जागून तो जाहिरातींच्या जागा बदलतो, त्यांचे रंग बदलतो, आणि सोमवारी रेघ वर गेली की त्या जागरणाचे सार्थक झाले असे मानतो. या क्षेत्रातल्या कितीतरी ‘हमखास युक्त्या’ अशाच शनिवारी जन्मून सोमवारी सिद्ध झालेल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

वस्तुतः उत्पन्नाचा आकडा हा एक आकडा नसून एक गुणाकार असतो. किती पाने पाहिली गेली आणि दर हजार पानांमागे किती रक्कम मिळाली, म्हणजे ज्याला ‘पेज आरपीएम’ म्हणतात तो दर किती पडला, या दोहोंचा तो गुणाकार. आणि सुट्टीचा परिणाम या दोन्ही घटकांवर निरनिराळ्या कारणांनी होतो. वाचकाची सुट्टी वेगळी आणि जाहिरातदाराची सुट्टी वेगळी. दोघे एकाच दिवशी रजेवर गेले की रेघ फार खोल जाते. एकच गेला तर चित्र बदलते.

आधी वाचकाकडे पाहू. आपण ‘ट्रॅफिक’ म्हणतो त्यातला केवढा मोठा भाग कचेरीत बसून येतो, हे शनिवारी उघडे पडते. याचा एक सुरेख पुरावा ब्राउझरांच्या इतिहासात आहे. संकेतस्थळांवरच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या संस्थेच्या आकडेवारीनुसार गूगलच्या क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला जगभरात प्रथम मागे टाकले ते १८ मार्च २०१२ रोजी, आणि तेही एका दिवसापुरते. तो दिवस रविवार होता. कामाच्या दिवशी कचेरीने बसवून दिलेला ब्राउझर निमूटपणे वापरणारी माणसे घरी स्वतःच्या पसंतीचा वापरत होती, म्हणून घरचा ब्राउझर सुट्टीच्या दिवशी जिंकला. सोमवारी कचेऱ्या उघडल्या आणि जुना राजा पुन्हा गादीवर आला. आजही असाच खेळ गूगलच्या आयपीव्ही ६ च्या, म्हणजे इंटरनेटवरच्या उपकरणांना पत्ते देण्याच्या नव्या पद्धतीच्या, आलेखात पाहता येतो. गूगलकडे येणाऱ्यांपैकी किती टक्के लोक अशा पत्त्यांवरून येतात, हे तो आलेख दाखवतो, आणि दर शनिवार-रविवारी त्यात एक उंचवटा येतो. कारण घरची आणि मोबाइलची जोडणी पुष्कळदा नव्या पद्धतीकडे वळलेली असते, तर कचेऱ्यांची अंतर्गत जाळी अजून जुन्यातच रमलेली असतात. माणूस जागचा उठून घरी गेला एवढीच घटना. पण तिची नोंद अशा तांत्रिक, रुक्ष आलेखातही पडते.

त्यामुळे एखादे संकेतस्थळ लोकांच्या कामाचे आहे की करमणुकीचे, हे ओळखायचे असेल, तर मालकाला विचारण्यापेक्षा त्याचा आठवड्याचा आलेख मागावा. कोष्टकांतली सूत्रे, संगणकाच्या आज्ञावलीतल्या चुका, करांचे नियम, पत्रांचे नमुने असे विषय शनिवारी ओस पडतात. चित्रपट, प्रवास, खेळ, घराची डागडुजी यांना त्याच दिवशी बहर येतो. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पानांची तऱ्हा आणखी निराळी असते. ती शनिवारभर झोपून राहतात आणि रविवारी संध्याकाळी, गृहपाठाची आठवण झाल्याबरोबर, खडबडून जागी होतात. मालकाच्या मनात आपण ज्ञानदीप लावून बसल्याची भावना असते, आणि आलेख सांगतो की लोक आपल्याकडे वरिष्ठाने मागितलेला अहवाल संध्याकाळपूर्वी पुरा करण्यासाठी येतात. यात मला कमीपणा वाटत नाही. ज्याची आठवण माणसाला काम अडल्यावर होते, त्याने सुट्टीच्या दिवशी विसरले गेल्याची तक्रार का करावी?

दुसऱ्या घटकाचा, म्हणजे दराचा, व्यवहार अधिक आडपडद्याचा आहे. पान उघडत असताना, वाचकाच्या डोळ्यांपुढे जाहिरात येण्याआधीच, त्या पानावरच्या मोकळ्या चौकटीसाठी जाहिरातदारांच्या यंत्रांमध्ये लिलाव होऊन गेलेला असतो. शनिवारी या लिलावाला बोली लावणारे कमी येतात. यंत्रसामग्री, विमा, हिशेबाची सॉफ्टवेअरे विकणारे पुष्कळ जण आठवड्याचे विशिष्ट वार आणि तास निवडूनच जाहिरात चालवतात, कारण जाहिरात पाहून कोणी फोन केलाच, तर तो उचलायला सुट्टीच्या दिवशी कोणी नसते. हेच चढी बोली लावणारे असतात. ते उठून गेले की उरलेल्यांना तीच चौकट स्वस्तात मिळते. भरीस भर म्हणजे सुट्टीचा वाचक मोठ्या पडद्यासमोरून उठून हातातल्या फोनवर आलेला असतो, आणि तेथे चौकटींना जागाही बेताचीच असते.

म्हणूनच करमणुकीच्या संकेतस्थळांच्या नशिबी एक चमत्कारिक रविवार येतो: वाचकांची रेघ वर, दराची रेघ खाली आणि उत्पन्न होते तिथेच. दोन्ही रेघा एकाच तक्त्यात विरुद्ध दिशांना जाताना पाहिल्या की मोजणीतच काही बिघाड असावा असे वाटते, पण मोजणी बरोबर असते. वाचक आले, गिऱ्हाईक आले नाही.

आणि मंगळवार-बुधवारी जो चढ दिसतो, त्यातही थोडा रविवार मिसळलेला असतो. गूगलच्या जाहिरात व्यवस्थेत जाहिरातदार दिवसाची सरासरी रक्कम ठरवून देतो. एखाद्या दिवशी त्या रकमेच्या दुप्पटीपर्यंत खर्च होऊ शकतो, मात्र महिन्याचा एकूण खर्च तिच्या ३०.४ पटींपुढे जात नाही. मंद दिवशी न खपलेला पैसा अशा रीतीने गजबजलेल्या दिवसाकडे सरकू शकतो. बुधवारच्या उत्पन्नाने खूश होणाऱ्या मालकाला हे सांगावेसे वाटत नाही, आणि त्याने विचारलेलेही नसते.

शनिवार नेमका कोणाचा, हाही एक प्रश्न आहे. संकेतस्थळांवर जाहिराती लावून मालकाला त्यांचे पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स; तिचे अहवाल दीर्घकाळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार चालत आले, म्हणजे तिथल्या मध्यरात्रीला दिवस बदलायचा. त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या मालकाचा रविवार अहवालात अर्धा शनिवारच्या रकान्यात जाऊन बसे. शिवाय सुट्टी सर्वत्र शनिवार-रविवारीच असते असेही नाही. सौदी अरेबियाने २०१३ साली आपली सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली, तर संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारून शुक्रवार अर्धा कामाचा ठेवला. जगभर वाचक विखुरलेल्या संकेतस्थळाचा खड्डा म्हणूनच उथळ आणि रुंद असतो.

एवढे ध्यानात आले की हिशेबाची रीत आपोआप बदलते. शनिवारची तुलना शुक्रवारशी करायची नाही, मागच्या शनिवारशी करायची. किंवा रोज मागच्या सात दिवसांची सरकती सरासरी घ्यायची, म्हणजे करवतीचे दाते झिजून खरी चढ-उताराची रेघ उरते. महिन्यांच्या तुलनेत मात्र अनुभवी माणसेही फसतात. ३१ दिवसांचा महिना सोमवारी सुरू झाला तर त्यात सोमवार ते शुक्रवार हे कामाचे दिवस २३ भरतात आणि शुक्रवारी सुरू झाला तर २१च. दोन दिवसांचा हा फरक पुढे-मागे दिसणाऱ्या ‘प्रगती’त किंवा ‘अधोगती’त गुपचूप सामील असतो.

मला स्वतःला धास्ती वाटते ती सातही दिवस सपाट राहणाऱ्या आलेखाची. विश्लेषणाची साधने ओळखीचे बॉट वगळून आकडे दाखवतात, परंतु सर्व्हरच्या कच्च्या नोंदींमध्ये सर्वांचीच पावले उमटतात, आणि पाने चाळत फिरणाऱ्या या यंत्रांना ना शनिवार असतो ना रात्र. ज्या पानाची मागणी बुधवारी दुपारी जितकी, तितकीच रविवारी पहाटे तीन वाजता असते, त्याच्या लोकप्रियतेबद्दल मालकाचे अभिनंदन करण्यापूर्वी मी भेटी देणाऱ्यांचे इंटरनेटवरचे पत्ते पाहायला मागतो.